न पाहिलेलं बंदर

ज्या बंदराच्या शहरात मी कधी पाऊल ठेवलं नाही, तिथल्या वाटा लोकांना दाखवणं हे माझं काम आहे. कानात यंत्र लावून जुन्या वस्त्यांतून फिरणाऱ्या पर्यटकांसाठी मी मराठी मजकूर लिहिते. ‘गोदीच्या फाटकाशी उभे राहा. डावीकडे दगडी वखारी दिसतील, खानदेशातला कापूस इथेच उतरायचा.’ हे सगळं जळगावात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून अडीच वर्षं मी भाजीबाजाराच्या पुढे गेलेले नाही. लोक म्हणतात, घरबसल्या काम मिळालं, नशीब काढलंस. त्या ‘घरबसल्या’चा मला संताप येतो.

एप्रिलमध्ये तिकडून संपादक बाईंचा फोन आला. “मॅडम, ध्वनिमुद्रणाआधी दोन दिवस या. सगळे रस्ते एकदा चालून पाहा.” फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून आनंदाने रडले. मग घरात भांडले. नवऱ्याचं एकच, “आईला उचलणार कोण?” शेवटी अमळनेरच्या थोरल्या नणंदेला, अक्कांना, मीच फोन केला. त्या लगेच हो म्हणाल्या. सासूबाईही म्हणाल्या, “जाऊन ये.” मी तिकीट काढलं.

मधल्या दिवसांत एका फेरीचा मजकूर लिहून पाठवला. जळगावात पत्ता सांगताना आम्ही रस्त्याची सावलीची बाजूही सांगतो. नाहीतर मे महिन्यात माणूस पोचायचाच नाही. त्याच सवयीने मी लिहून गेले, ‘मासळी बाजारापासून उजव्या बाजूने चाला, तिथे सावली आहे.’ कसली सावली नि कसलं काय! मी फक्त फोटो पाहिले होते.

बाई खूष. “किती जिवंत लिहिलंय! तुम्ही इथेच राहता असं वाटतं. मग उगाच दगदग कशाला? यायची गरजच नाही.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खरं सांगून टाकलं, की सावली माझ्या मनची आहे, म्हणून तरी मला चालून पाहू द्या. त्या हसल्या. “अहो, तिथे समुद्राचा वारा असतो, सावली कोण बघतं? ते वाक्य आम्हीच काढून टाकतो.”

घरी हे सांगायला माझं तोंडच उघडेना. ठरल्या दिवशी सकाळच्या एसटीने अक्का आल्या. हातपाय धुऊन त्यांनी आईला उठवून बसवलं, चहा पाजला. तेव्हा कुठे मी सगळं सांगितलं.

“काम नई ते नई,” अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. “तिकीट शे ना? जाय व माय, मी शे ना आठे. समुद्र देखी ये.”

अक्का इथे आहेत म्हटल्यावर नवऱ्यानेही बॅग दाराशी आणून ठेवली. सासूबाईंनीही मान डोलावली. बॅग भरलेली होती, मी चपला घालून दारात उभी राहिले. कुठे चाललात, असं शेजारणीने विचारलं तर काय सांगू? नुसती बघायला? माहेरपण, लग्नकार्य, दवाखाना, यांच्याशिवाय मी आजवर कुठे गेलेच नव्हते. मला वाटायचं, घर मला सोडत नाही. आता घराने सोडलं होतं आणि माझाच पाय निघत नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

गाडीची वेळ टळून गेली. अक्का आत पोळ्या लाटत होत्या. मी चपला काढल्या, हात धुतले आणि त्यांच्या हातातलं लाटणं घेतलं.