लूसी, वय वर्षे सहा

बाईंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी दोनदा विचारणा झाली आणि दोन्ही वेळा मी प्रकृतीचं कारण सांगितलं. तेव्हा प्रकृती ठणठणीत होती. आता खरोखरच बरी नसते, आणि आणखी थांबलो तर बाईंच्या आणि माझ्या मैत्रीची खोटीच गोष्ट मागे राहील.

लिलावात बाईंनी एकदा हात वर केला की तो खाली येत नसे. इतर लोक भुवई उचलतात, नंबराचं कार्ड जरासं हलवतात. बाई पहिल्या रांगेत बसून वर्गातल्या मुलीसारखा हात सरळ वर धरत, वस्तू मिळेपर्यंत किंवा पैसे पुरेनासे होईपर्यंत. "सारखा खाली-वर करायला माझ्या खांद्यात जोर नाही," असं म्हणत.

आम्ही राहतो त्या हर्नडनहून दीड तासावर, व्हर्जिनियातल्या एका लहान गावी, जुन्या धान्याच्या गोदामात दर महिन्याला कागदांचा लिलाव होई. पत्रं, पावत्या, शेअर सर्टिफिकेटं, रेल्वेची तिकिटं. निवृत्तीनंतर मला तो नाद लागला होता. चाळीस वर्षं या देशात काढूनही आपण पाहुणेच आहोत असं वाटायचं. दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन कागद भिंतीवर लावला की जरा बरं वाटे. बाई कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका. चौथीला शिकवायच्या, म्हणून माझ्या बायकोने त्यांना 'बाई' म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनाही ते आवडलं. आमच्याकडे येणारी मुलं मला काका म्हणत. तेच माझं आडनाव समजून बाई मला 'मिस्टर काका' म्हणू लागल्या. खुलासा केल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही.

"ज्या डब्यात माझ्या आजोबांना बसू दिलं नसतं, त्याची तिकिटं तुम्ही पैसे मोजून जमवता, मिस्टर काका," असं त्या हसत हसत म्हणायच्या. मीही हसायचो.

त्या स्वतः एकाच प्रकारचे कागद शोधत. जमीनदार मेला की त्याच्या मालमत्तेची यादी होई, आणि तीत गुलामांची नावं असत. लिलावाआधी कागद बघायला मिळत, तेव्हा बाई प्रत्येक नाव मोठ्याने वाचत. एकदा तिथला नोकर म्हणाला, "मॅडम, मागे लोक वाट बघताहेत." बाईंनी मान वर केली नाही. "यांनीही बरीच वाट बघितली आहे," म्हणाल्या आणि पुढचं नाव वाचलं.

एकदा लिलावाची छापील माहिती घेऊन त्या आमच्या घरी आल्या. एका यादीचा फोटो होता. एक तांबडी गाय, मग 'लूसी, वय वर्षे सहा', मग दोन जुनी खोगिरं. तिघांपुढे किंमत. "ही माझ्या पणजीची आई," बाई म्हणाल्या. "पण मी बोली लावणार नाही. यंदा घराच्या छपराच्या दुरुस्तीने सगळे पैसे खाल्ले. नुसतं बघून येऊ तिला. न्याल ना?"

मी हो म्हटलं आणि त्यांच्या नकळत लेखी बोली पाठवली. हजर राहायचं नसेल किंवा नाव उघड करायचं नसेल, तर आपली कमाल रक्कम आधी लिहून देता येते. मग समोरचा चढेल तसा लिलाव पुकारणाराच आपल्या वतीने चढत जातो. कागद घेऊन बाईंच्या हातात ठेवायचा, असा माझा बेत होता. "छान सुचलं हो तुम्हाला," बायको म्हणाली होती.

लूसीचा कागद पुकारला गेला आणि माझ्या शेजारी बाईंचा हात वर गेला. मी चमकून पाहिलं. "काल चर्चमधल्या बायकांनी टोपली फिरवली," त्या कुजबुजल्या. "लूसीसाठी."

"लेखी बोली पुढे आहे," पुकारणारा म्हणाला. बाईंचा हात तसाच. पुन्हा लेखी बोली पुढे. मला उठून एवढंच म्हणायचं होतं, ती बोली माझी आहे, मी मागे घेतो. वेळच मिळाला नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. वेळ होता. बाईंचा हात वर होता तोपर्यंत वेळ होता. पण आकडा चढत होता, हे कोण बडं गिऱ्हाईक म्हणून माना वळत होत्या, आणि मला तो कागद हवा होता. बाईंसाठी नव्हे. मला.

मग बाईंचा हात खाली आला. तो त्यांनी मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने झाकला.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "आता टोपलीतले पैसे एकेकीला परत द्यायचे. कोण असेल हो तो, मिस्टर काका?"

"कोणास ठाऊक," मी म्हणालो.

या दोन शब्दांनंतर तो कागद देणं अशक्य झालं. मी तो फ्रेम करून आणला. बायको म्हणाली, "माणसांच्या किमती लिहिलेला कागद माझ्या घरात भिंतीवर नको. बाईंना देऊन टाका. रागावतील, चार दिवस बोलणार नाहीत. पुढे?"

"देतो म्हटलं ना."

"कधी?"

फ्रेम कपाटात गेली. दिवाळीला बाई जेवायला आल्या तेव्हा बायको त्यांना आग्रह करकरून वाढत होती, माझ्याकडे मात्र एकदाही तिने पाहिलं नाही. "कुठल्यातरी घरात आहे लूसी," बाई म्हणाल्या. "नीट ठेवली असेल ना?"

"असेल की," मी म्हणालो.

बाईंचं हृदय थकलं आणि त्या हॉस्पिटलात गेल्या, तेव्हा फ्रेममधून काढलेला कागद कोटाच्या आत ठेवून मी भेटायला गेलो. हातात बायकोने दिलेला शिऱ्याचा डबा होता. "काय आणलंत?" बाईंनी विचारलं. मी डबा पुढे केला. "इतक्या नळ्या लावलेल्या बाईला गोड?" त्या हसल्या आणि हसताना दमल्या. त्यांची भाची म्हणाली, आता त्यांना झोपू द्या. मी उठलो. आठवड्याभरात बाई गेल्या.

कागद मी भाचीला दिला. एका व्यापाऱ्याकडे सापडला, असं सांगितलं. तिने मला मिठी मारली आणि मी तिला मारू दिली. आता तो चर्चच्या भिंतीवर आहे. खाली पितळी पाटी आहे, तीवर माझ्या औदार्याबद्दल आभार आहेत.

गेल्या महिन्यात तिथे गेलो होतो. टोपली फिरवणाऱ्यांपैकी एक म्हातारी माझा हात धरून पाटीपर्यंत घेऊन गेली. तिथे मी म्हणालो, "बाई, ती बोली माझी होती. मला माफ करा." मराठीत म्हणालो. त्या चर्चमध्ये कोणालाही समजणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"काय म्हणालात?" म्हातारीने विचारलं.

"प्रार्थना," मी म्हणालो.