तिकीटमावशी आणि पलीकडचा काठ

तिकीटमावशीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी जगाचा निरोप घेत होतो. बुडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोरून म्हणे त्याचं सारं आयुष्य सरकून जातं. माझं दोनदा सरकून झालं होतं आणि दुसऱ्या खेपेला बरंच कंटाळवाणंही वाटलं होतं. माझ्या पश्चात माझ्याबद्दल चार बरे शब्द कोण बोलेल याची जुळवाजुळव करत असतानाच एक लांब बांबू माझ्या बरगडीत खुपसला गेला आणि वरून आवाज आला, "अहो, उभे राहा!"

मी उभा राहिलो. पाणी मांडीपर्यंत होतं.

"इथे लहान मुलं पाय बुडवून बसतात," बांबूच्या दुसऱ्या टोकाला असलेली बाई म्हणाली. "केवढ्याने ओरडलात! तिकिटाची रांग सोडून धावत आले मी."

तिकीटमावशी ती हीच. सार्वजनिक जलतरण तलावाच्या दाराशी एक खोली होती. तिला रस्त्याच्या बाजूने तिकिटाची खिडकी आणि तलावाच्या बाजूने भली मोठी काच. या दोन्हींच्या मध्ये एका स्टुलावर मावशीने निम्मं आयुष्य काढलं होतं. बांधा असा, की ती बसली की स्टूल आहे हे मानून चालावं लागे. आवाज असा, की तलावाला शिट्टी विकत घ्यायची गरज पडली नाही. पोहण्याची टोपी न घालता आत शिरणाऱ्याला ती काही बोलत नसे, नुसती बघे. तो मुकाट्याने घरी जाऊन टोपी घेऊन येई. एकजण तर घाबरून लोकरीची कानटोपी घालून आला होता.

अशी ही मावशी स्वतः मात्र कधी पाण्यात उतरली नव्हती. बसल्या जागेवरून काचेतून तिला तलावाचा पलीकडचा काठ दिसायचा. तिथवर एकदा पोहत जायचं, एवढीच तिची इच्छा. "लांबी नको मला, रुंदी पुरे," ती म्हणायची. "एकदा तिकडे हात लावते, मग खुशाल निवृत्त करा."

तयारी जोरात होती. दुपारी खिडकीवर कुणी नसलं की ती स्टुलावर पालथी पडायची आणि काचेपलीकडे पोहायला शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे बघत हातपाय मारायची. एकदा मी विसरलेला चष्मा मागायला गेलो, तर हाताची लय न मोडता स्टुलावरून उत्तर आलं, "कपाटात बघा. आणि कपाटाचं दार लावून घ्या, हाताला लागतं माझ्या." स्टुलाच्या डाव्या अंगाला ते लोखंडी कपाट होतं. त्यावर आपटून एकदा मनगट सुजलं, तेव्हापासून डावा हात ती अर्धाच टाकायची.

"मग उतरत का नाही?" मी विचारलं.

"कधी उतरू? बायकांचा दुपारचा एक तास. त्यात येतात इन मिन चारजणी. चौघीही माझ्याकडेच बघत बसतील. गर्दी हवी हो. गर्दीत माणूस झाकून जातो."

गर्दी राहिली बाजूला, तो तासच जायची वेळ आली. व्यवस्थापकांना तो कचेऱ्यांच्या पुरुष संघांना द्यायचा होता. "बायकांना मुळात आवडच नाही पोहण्याची," ते खिडकीशी येऊन म्हणाले.

"साहेब, आवड विचारायला तुम्ही कुणाकुणाकडे गेला होता?"

साहेब गेले नव्हते. मावशी मात्र कामाला लागली. खिडकीसमोरून जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती हटकायची. भीती वाटते असं एकीनेही सांगितलं नाही. कापडदुकानातली म्हणाली, "ओले केस घेऊन घरी गेले की सासूबाई विचारतात, कुठे भिजून आलीस, आभाळ तर कोरडं आहे!" समोरच्या औषधवालीने कडेवरचं पोर पुढे केलं, "याला कुठे ठेवू? फडताळात?" आमची बायको म्हणाली, "मला आजवर कुणी ये म्हणालंच नाही." हे तिने माझ्याकडे बघून सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात मावशीने घरचं केस वाळवायचं यंत्र खोलीत आणून ठेवलं, काचेला जाड पडदा लावला आणि जाहीर केलं, "पोरं माझ्याकडे द्या आणि व्हा आत."

बायका झाल्या आत. महिन्याभरात तो तास असा फुलला की व्यवस्थापक स्वतःच्या बायकोसाठी जागा विचारायला आले. खोलीत पोरांचा नुसता बाजार. एक खिडकीत चढतंय, एक तिकिटं चघळतंय, एक मावशीच्या मांडीवर झोपलंय आणि त्याला झोपवलेलं दुसऱ्याला खपत नाहीये. हवी होती तेवढी गर्दी जमली, आणि मावशी स्टुलाला आणखी घट्ट चिकटली.

निवृत्ती महिन्यावर आली तेव्हा केस वाळवता वाळवता आमच्या बायकोने विचारलं, "मावशी, तुम्ही कधी येणार पाण्यात?"

"ही पिलावळ कुणाच्या गळ्यात बांधू?"

बायकोने क्षणभरही विचार केला नाही. "यांच्या. हे दुपारी लिहितो म्हणून झोपतात."

असा मी त्या खोलीत जाऊन पडलो. पलीकडे बायकांचा तास, त्यामुळे पडदा ओढलेला आणि मी पाठमोरा. पोरांना मात्र बंदी नव्हती. ती पडद्याखाली मुंडकी घालून मला बित्तंबातमी देत होती.

"मावशी उतरली!"

"पाणी बाहेर आलं!"

"निघाली! जोरात निघाली!"

"पोचली का?" मी भिंतीला विचारलं.

"मध्यावर आहे... अरे, वळली!"

"वळली? कुठे?"

"परत इकडेच आली!"

उजवा हात पुरता आणि डावा अर्धा, अशा वल्ह्यांनी मावशी पाण्यात छानसा गोल काढून निघाली त्याच काठाला येऊन लागली होती. डोळे गच्च मिटलेले. काठ हाताला लागताच तिने विजयाची आरोळी ठोकली, डोळे उघडले आणि समोर स्वतःचेच कपडे टांगलेले पाहिले.

शिक्षिका म्हणाली, "मावशी, पोहता छान. तेवढा डावा हात सुधारा."

"या वयात तो सुधारतोय होय? कपाटाचा गुण आहे तो."

पुढचे सारे दिवस हेच. शिक्षिकेने हात ओढून पाहिला, बायकांनी पलीकडून हाका मारून पाहिल्या. मावशी निघायची पलीकडे आणि यायची घरी. शेवटी कामाचा शेवटचा दिवस उजाडला. खोलीत पोरं गप्प होती, यावरूनच मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

"मावशी तिरकी उभी राहिलीय," बातमी आली.

"तिरकी म्हणजे?"

"तोंड कोपऱ्याकडे. शिकवणाऱ्या बाई ओरडतायत, सरळ बघा! मावशी म्हणते, सरळ बघूनच वाकडी जाते ना!"

मग धप्पकन आवाज. पोरं पडद्याखाली आणखी आत सरकली.

"वळली?" मी विचारलं.

"वळली... वळतेय... काका, लागली! पलीकडे लागली!"

तिकडे बायकांनी एकच गिल्ला केला. खोलीतलं सगळ्यात धाकटं दचकून जागं झालं आणि माझ्या मांडीवर त्याने आपला आनंद ओल्या स्वरूपात व्यक्त केला. थोड्या वेळाने मावशी केसांना यंत्र लावून बसली. "कसं वाटलं?" मी विचारलं.

"तिकडून ही खोली अगदीच एवढीशी दिसते हो," ती म्हणाली. "आता रोज जाणार मी."

पुढच्या आठवड्यात तिची मुलगी येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेली. नातू सांभाळायला कुणी नव्हतं. त्या गावात तलाव नाही.