मामांच्या रेडिओतली गुणगुण

सहा व्होल्टांवर माझ्या मामेसासऱ्यांइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही. झालाच असेल तर त्याच्याकडे मला जेवायला पाठवू नये. सोनईत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या काळी सेल परवडत नसत, म्हणून लोक ट्रान्झिस्टर घरच्या विजेवर चालवणारा डबा मामांकडून करून घेत. त्या डब्यात वीज सहा व्होल्टांवर धरून ठेवणारा रेग्युलेटर कुठला घालायचा, यावर मामा जेवढा खल करत तेवढा त्यांनी भाचीच्या लग्नातही केला नव्हता. मला बिचाऱ्याला एका चहात पसंत केलं! रेग्युलेटरला मात्र आठवडाभर चालवून बघत, बोट लावत आणि तोंड वाकडं करत. "लई तापट हाय. हा नांदायचा न्हाई." आपण पोह्यांची वाट बघत बसावं, तर पुढ्यात सुट्या भागांची पुडी! "जावईबापू, सहा पायजेत तर आत धा येऊ द्यावेत," हे तर मला पाठ झालं होतं. "सांजच्याला मळ्यातले पंप सुरू झाले की वीज खाली बसती. वरकड न्हाई ठेवली तर रेग्युलेटर हात टेकतो, अन् रेडिओ घुमाया लागतो."

मग त्यांचा स्वतःचाच रेडिओ का घुमायचा? मामी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मला ते कळलं. दिवेलागणीला आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. बल्ब तांबडा झाला, बातम्या देणाऱ्याचा आवाज दबला आणि रेडिओतून गुणगुण सुरू झाली. एकाच सुरात, शब्दांवाचून. मामी ज्वारी निवडताना अगदी अशाच गुणगुणत. विजेची घरघर आहे, असं मी मनाला बजावलं. पण विजेला दम लागत नाही हो! ही गुणगुण मध्येच थांबे, श्वास घेई आणि पुन्हा सुरू होई. मी रेडिओमागच्या डब्याकडे बघितलं.

"मामा, तुमच्याच डब्यात वरकड नाही?"

"मुद्दाम न्हाई ठेवली," ते हळूच म्हणाले. "तिला यायला जागा नको व्हय?"

पुढच्या उन्हाळ्यात वीज इतकी बसू लागली की पंपांच्या मोटारी जळायला लागल्या. गाव मामांकडे आलं. विजेतलं तुम्हालाच कळतं, नेवाशाच्या वीज मंडळातल्या साहेबाला पटवून गावाला नवा मोठा ट्रान्सफॉर्मर आणा, असं लोक म्हणाले. तो आला की वीज बसणार नाही, आणि वीज बसली नाही की मामी येणार नाहीत, हे मामांना काय सांगायला हवं? मला वाटलं, म्हातारा आजारपणाचं सोंग घेईल, पाहुण्यांकडे निघून जाईल. पण मामांनी नेवाशाला खेटे घातले, साहेबाचं डोकं खाल्लं आणि ट्रान्सफॉर्मर आणला. "लोकांची उभी पिकं वाळवून तिला बोलवू व्हय?" एवढंच मला म्हणाले.

नव्या विजेच्या पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम गेलो. पंप सुरू झाले. बल्ब ढिम्म हलला नाही. बातम्या खणखणीत लागल्या आणि संपल्या. मामा रेडिओकडे कान लावून बसले होते. मला ते बघवेना.

"मामा, आतले दोन-तीन व्होल्ट कमी करा की. पुन्हा येतील."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला, डब्याचं झाकण सैल केलं. मग हात तिथंच थांबला.

"नको, जावईबापू. आजवर ती आपल्या पायानं यायची. मी ओढून आनली, अन् नुसती घरघरच निघाली, तर मग मी कुनाची वाट बघू?"