मालन आणि लॅबमधले नाना

"काकू, तुमचा तो दांडा फिरवायचा पलंग अजून आहे ना?" मालनने फोनवर एवढेच विचारले आणि संध्याकाळी भांडुपहून रिक्षाने मुलुंडला आमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत दोन टॉवेल, एक चादर आणि प्लॅस्टिकचे घमेले. वय चाळिशीच्या पुढचे, पण चेहरा तोंडी परीक्षेला निघालेल्या मुलीसारखा.

मालन सरकटेची आणि माझी ओळख हॉस्पिटलातली. माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती त्या वॉर्डात सिस्टर होती. ते गेल्यावरही तिने येणे-जाणे ठेवले. त्यांना घरी आणायचे म्हणून घेतलेला तो पलंग मी काढून टाकला नाही. दांडा फिरवला की पाठ वर येते आणि वाचायला बरे पडते.

तिचे वडील जालन्याकडून आलेले. भांडुपच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. डोंगरउतारावरच्या त्यांच्या वस्तीत बारावीनंतर नर्सिंगला गेलेली मालन पहिली. आधी डिप्लोमा, मग वॉर्ड. लग्न आणि दोन मुले झाल्यावर रात्रपाळ्या सांभाळून बी.एस्सी.; आणि आता हॉस्पिटलने दोन वर्षांची रजा दिली म्हणून विद्यापीठाच्या कॉलेजात एम.एस्सी. रोज घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी. नर्सिंगमध्ये एवढ्या पायऱ्या असतात हे मला तिच्यामुळे कळले.

"एम.एस्सी.ला नवीन काय शिकवतात गं?" मी एकदा विचारले होते. "इंजेक्शन तर तू डोळे मिटून देतेस."

"डोळे उघडून शिकवायला शिकवतात," ती म्हणाली होती. "आम्ही बी.एस्सी.च्या मुलींना शिकवायचं आणि मॅडम मागे बसून आम्हाला मार्क देणार."

"आणि तुला शिकवायचंय कशाला?"

"गुडघे दुखतात, काकू. उगाच मोठं काही सांगत नाही. ट्यूटर झाले की रात्रपाळी सुटेल." मग म्हणाली, "आणि मुलींबरोबर मजा येते मला."

तर ती त्या दिवशी आली ती दोनदा नापास होऊन. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलींना, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला स्पंज कसा करायचा, म्हणजे ओल्या रुमालाने अंग कसे पुसायचे, ते तिने करून दाखवायचे होते. शनिवारी पुन्हा एक संधी होती. तीही गेली तर यंदा शेवटच्या परीक्षेला बसता येणार नव्हते. रजा संपत होती, म्हणजे ट्यूटरची जागा विसरून परत वॉर्ड.

"स्पंजमध्ये तू नापास?" मला खरेच कळेना. "जन्मभर केलंस ते."

"माणसांना केलं. तिथे नाना आहेत."

नाना म्हणजे कॉलेजच्या लॅबमधल्या पलंगावर झोपलेला रबरी पुतळा, ज्याला नर्सिंगमध्ये डमी म्हणतात. नाना हे नाव मुलींनीच ठेवलेले. नियम असा, की डमी असली तरी तिला पेशंटच समजायचे. आधी नमस्कार, मग आपण काय करणार ते सांगायचे, प्रत्येक वेळी हात लावण्याआधी बोलायचे. न बोलता केले की मार्क गेले.

"पहिल्यांदा मी गपचूप सगळं उरकलं. झकास झालं असं मला वाटलं. मॅडम म्हणाल्या, मुलींना तुझी पाठ दिसली, बाकी काही नाही. दुसऱ्यांदा ठरवून म्हटलं, 'नाना, आता तोंड पुसते हं.' त्या रबराच्या तोंडाकडे बघितलं आणि मला हसू फुटलं. मग सगळ्या मुली फुटल्या. वाट लागली नुसती." तिने मधुवंती मॅडमचा करडा आवाज काढला. "'सरकटे, पेशंटला हसणारी ट्यूटर मला नकोय.'"

मीही हसले. मग पलंगावर आडवी झाले, कारण माझे काम तेवढेच होते. मी डमी. हलायचे नाही, बोलायचे नाही. कपडे अंगावर ठेवून फक्त हात-पाय आणि तोंड.

तिने कोमट पाण्याचे घमेले स्टुलावर ठेवले. ओला रुमाल डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेर फिरवला. दुसऱ्या डोळ्याला रुमालाची दुसरी बाजू.

"बाजू का बदललीस?"

"काकू, डमी बोलत नाही."

"बरं."

मग हात. मनगटापासून खांद्याकडे, लांब लांब ओढत. मी आयुष्यभर अंघोळ करताना खांद्यावरून खाली येत आले आहे. मला राहवेना.

"खालून वर का?"

"रक्त हृदयाकडं परत जायला मदत होते. पडून राहिलेल्या माणसाचं रक्त हातापायात रेंगाळतं ना." ती बोलत होती तसे तिचे हात चालले होते. "आणि मघाशी बाजू बदलली ती एका डोळ्याची घाण दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. एका वेळी एकच हात उघडायचा, दुसरा झाकलेला. का, ते विचारू नका आता."

"थंडी वाजेल म्हणून?"

"थंडी आणि लाज. दोन्ही."

मी उठून बसले. "अगं, हेच तर बोलायचंय तुला."

"तुम्ही विचारता म्हणून बोलते. ते रबर काय विचारणार?"

मला त्यावर एक गोष्ट आठवली आणि ती मी विचारलीच. माझे यजमान शेवटचे काही आठवडे डोळेही उघडत नव्हते. तरी मालन रोज सकाळी त्यांना सांगायची, "दादा, आता डाव्या कुशीवर घेते हं. पाणी कोमट आहे." त्यांना ऐकू जाते का, असे मी तेव्हा विचारले होते. "माहीत नाही," असे ती सरळ म्हणाली होती.

"हे कुठे काय विचारत होते तुला? मग त्यांच्याशी का बोलायचीस?"

ती टॉवेल पिळत होती. "सवय. माझ्या पहिल्या वॉर्डात नंदा सिस्टर होत्या. बेशुद्ध पेशंटशीसुद्धा बोलायच्या. मी डिप्लोमाची पोर, मागे बादली धरून उभी असायचे."

"त्यांनी तुला सांगितलं, असं बोलत जा म्हणून?"

"छे. त्या माझ्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत. भयंकर खडूस बाई. सगळं बोलणं पेशंटशी."

"मग तू शिकलीस कशी?"

"ऐकून." टॉवेल तिच्या हातात तसाच राहिला. पाणी माझ्या चादरीवर ठिबकत होते. ती म्हणाली, "म्हणजे नाना काय समजतात याचा प्रश्नच नाही. मागे पोरी ऐकत उभ्या आहेत."

"मला नर्सिंगचं काही कळत नाही," मी म्हटले.

"झोपा, झोपा परत. पाय राहिले."

यावेळी मी एकही प्रश्न विचारला नाही. जरुरीच पडली नाही. ती माझ्याशी बोलत होती आणि आवाज मात्र खिडकीपर्यंत पोचेल असा होता. कॉलेजात शिकवणे इंग्रजीत; मधे दोनदा ती त्यात अडखळली. पेशंटशी मराठीत बोल आणि मुलींना सांगायचे तेवढेच इंग्रजीत, एवढी दुरुस्ती मी केली.

रविवारी सकाळी ती आली. पिशवीत फक्त माझा टॉवेल होता, जो चुकून तिच्याबरोबर गेला होता.

"बसू तर द्या," ती म्हणाली. मी अजून काही विचारलेही नव्हते. "नमस्कार झाला. डोळे झाले. मुली गप्प. मॅडम मागे कागद घेऊन. मी एक हात उघडला, पुसला, आणि मनगटाचं कारण इंग्रजीत सांगत बसले. सांगता सांगता हात झाकायचा राहिला. तेवढ्यात मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, 'थंडी वाजतेय गं, पोरी.'"

"कोण बोललं?"

"श्रुतिका. बोरिवलीची, वर्गातली सगळ्यात वाह्यात मुलगी. सगळा वर्ग हसला. मॅडमनी मान वर केली. मला वाटलं, संपलं."

"मग?"

"मग काय, माझा हात आधीच चादरीकडं गेला होता. म्हटलं, 'सॉरी नाना, चुकले. झाकते हं.' आणि मुलींना म्हटलं, बघा, पेशंट बोलू शकला म्हणून कळलं. जो बोलू शकत नाही त्याची थंडी तुमच्याच लक्षात राहायला हवी. पुढे सगळं नीट झालं."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"त्यांनी विचारलं, त्या मुलीला तू पढवून ठेवलं होतंस का? म्हटलं, नाही मॅडम, मला खरंच विसरायला झालं. मग कागदाकडं वळल्या. झाकायला उशीर केला म्हणून मार्क कापले. आणि पास केलं."

मी चहा ठेवायला उठले. "आणि श्रुतिका? तिला रागावलीस?"

"रागावू कशाला? तिला पुढं बोलावलं, बाही वर करायला लावली आणि म्हटलं, नानांचा दुसरा हात आता तू कर. बोलत बोलत."