नुसतंच ‘गेले’

निरुपमाबाई शाळेत मराठीचं व्याकरण शिकवायच्या. बडोद्यातल्या मराठी शाळांचे वर्ग तोवर ओस पडायला लागले होते, पोरं इंग्लिश मीडियमकडे पळत होती, तरी बाईंच्या तासाला बाकं भरलेली असत. ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे बोलायचं ते विधेय, हे पुस्तकातलं एकदा सांगून टाकलं की बाई थेट गोठ्यात शिरत. म्हणत, विधेयाला शेपूट असतं. बैल गेला, गाय गेली, वासरू गेलं. उद्देश्य कुणी खाऊन टाकलं तरी शेपूट आपल्या हातात राहतं. त्याच्यावरून जनावर ओळखा.

घरीही हाच खाक्या. नवरा रघुनाथ प्रतापनगरला रेल्वेच्या कचेरीत होता. संध्याकाळी स्कूटर लावून त्यानं दारातून “आली का?” म्हणून विचारलं की बाई आतून म्हणायच्या, “कोण? लाइट, भांडीवाली की तुमची बहीण?”

“तू शाळेतच राहा, बाई,” रघुनाथ म्हणायचा.

त्र्याण्णव साली घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या त्यांच्या घरी फोन लागला. नंबर लावल्याचंही दोघं विसरून गेली होती. बाईंनी पहिला फोन इंदूरजवळ धारला केला, धाकट्या बहिणीला, मोहनाला. आई गेल्यापासून त्यांचे वडील धनाजीराव, म्हणजे अण्णा, मोहनाकडेच राहत होते. मोहनाचा नवरा मल्हारराव छातीच्या दुखण्यानं बेजार होता. घरात दोन म्हातारी पोरं सांभाळतेय, असं मोहना हसून सांगायची.

नवरात्राच्या पहिल्या माळेची गोष्ट. दिवेलागणीला बाईंनी देवापुढे निरांजन लावलं, तोच फोन वाजला.

“ताई,” मोहनाचा आवाज आला.

तेवढ्यात गल्लीच्या नाक्यावर गरब्याच्या मांडवात भोंगा गरजला. हेलो, हेलो, माइक टेस्टिंग. बाईंनी दुसऱ्या कानात बोट घातलं. भोंगा थांबला तेव्हा फोनमधून एकच शब्द आला.

“...गेले.”

आणि पुढे काही नाही. कुं-कुं आवाजही नाही. कुणी तोंडावर हात ठेवावा तशी शांतता.

रघुनाथ म्हणाला, लाइन मधेच कपली असेल, पाछो फोन करेल ती. पण फोन आला नाही. बाईंनी धारचा नंबर फिरवून पाहिला, तर पलीकडे घंटीच वाजेना.

बाई पाटावर बसल्या आणि त्यांनी शेपूट हातात घेतलं. गेला नाही, गेली नाही. गेले. आदरानं बोलायचं माणूस आणि पुरुष. त्या घरात अशी माणसं दोनच. सांगणारी मोहना, तेव्हा तिची काळजी नाही. अण्णा, नाहीतर मल्हारराव.

त्याच रात्री इंदूरच्या बसमध्ये बसल्यावर त्या दोन नावांशिवाय त्यांच्या डोक्यात काही राहिलं नाही. ‘गेले’ हा शब्द तोंड उघडून बसला होता आणि त्याला एक नाव द्यायचंच होतं. अण्णांचं नाव जवळ आलं की बाई ते मागे ओढत. मग दुसरं आपोआप पुढे सरके. दाहोद सोडल्यावर त्यांनी विचारलं, “अहो, अण्णाच असतील असं नाही ना?”

रघुनाथनं त्यांच्याकडे पाहिलं. “मग कोण असायला पाहिजे तुला?”

बाईंनी पदर तोंडाशी धरला. सख्ख्या बहिणीचं कुंकू आपण हातात घेऊन बसलोय, हे त्यांना कळलं. तरी हात उघडेना.

उजाडता उजाडता ती दोघं धारला पोचली. मोहनाच्या घराच्या ओट्यावर दोघंही बसले होते. अण्णा आणि मल्हारराव, शेजारी शेजारी, धडधाकट. बाईंना हसू आलं, मोठ्यानं आलं. त्या फाटकाशीच हसत उभ्या राहिल्या.

मल्हारराव उठले. “तार इतक्यात मिळाली, ताई?”

कसली तार, बाई म्हणाल्या. काल दिवेलागणीला मोहनाचा फोन आला होता.

मल्हाररावांनी अण्णांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “आमचा फोन गणपतीपासून डेड पडलाय.”

“मोहना काल सकाळी न्हाणीत पडली,” अण्णा म्हणाले. “दुपारी स्मशानात नेलं तिला.”

बाईंचं हसू तोंडावरच राहिलं. विस्तव दुपारी पेटला होता आणि फोन दिवेलागणीला आला होता. मग तिसरं जनावर पुढे आलं. पुरुष म्हणतो, मी गेलो. बाई म्हणते, मी गेले. दरवर्षी फळ्यावर त्या स्वतःच्या हातानं हे लिहीत आल्या होत्या, आणि काल तेवढाच ‘मी’ भोंग्यानं खाल्ला होता.

अण्णा काठी टेकत जवळ आले. ती पडली तेव्हा ते देवळात होते. लेकीचा शेवटचा शब्द त्यांना मिळाला नव्हता. “काय म्हणाली, नीरू?”

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. ‘मी’ ज्याच्या तोंडात असतो त्याचाच होतो. ते वाक्य उच्चारायची त्यांना भीती वाटली.

“ताई म्हणाली, अण्णा.”

“पुढे?”

“एवढंच.”

अण्णांनी मान हलवली. “म्हणजे पुढचं सांगायचं राहिलंय तिचं,” म्हणाले, आणि आत जाऊन त्या बंद फोनशेजारी खुर्ची ओढून बसले.

लाइन नंतर दुरुस्त झाली. अण्णा त्या खुर्चीतच जेवू लागले, फोनला कुणाला हात लावू देईनात. बाई रविवारी बडोद्याहून फोन करीत. पहिल्याच घंटीला अण्णा उचलत आणि म्हणत, “बोल, मोहना.”

सुरुवातीला बाई सांगत, अण्णा, मी निरुपमा. पलीकडे मग म्हाताऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येई. पुढे पुढे त्यांनी सांगणं सोडलं.

“हं, अण्णा,” त्या म्हणत, आणि तो मोहनासारखा आवाज ऐकून रघुनाथ उठून बाहेर जाई.