मल-सुकचं ऑपरेशन आणि शेवाळाचं सार

मल-सुकला काय झालं होतं ते मला विचारू नका. अख्ख्या कारखान्यानं विचारून विचारून माझं डोकं खाल्लंय, त्यात तुमची भर नको.

बुसानच्या बंदरामागे आमचा माशाच्या वड्यांचा कारखाना आहे. मी बुन-रे, पाकिटं भरते. मल-सुक तळणीवर. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, आई गेल्यापासून एकटीच राहते. जेवणाच्या सुट्टीत आमच्या बायका सासू, नवरा, मूळव्याध, सगळं ताटात वाढून बसतात. ही आपली खाली मान घालून किमची चावत बसायची. मला तिचा रागच यायचा. म्हटलं, बाई, तोंड काय फक्त गिळायला दिलंय का?

तर शरद ऋतूत हिनं ऑपरेशनसाठी रजा मागितली. डॉक्टरचा कागद दिला. ऑपरेशन आहे आणि त्यानंतर विश्रांती हवी, एवढंच त्यात होतं. आमचे मा साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, मा हे त्यांचं आडनाव. कागद केबिनमध्ये घेऊन गप्प बसतील तर ते मा साहेब कसले! सकाळी पांढरे बूट घालून आम्ही सगळ्या रांगेत उभ्या, हातपाय हलवायचा व्यायाम नुकताच संपलेला, आणि हा माणूस सगळ्यांसमोर म्हणतो, "मल-सुकबाई, ऑपरेशन कसलं?"

"कागदात आहे, साहेब."

"कागदात काहीच नाही. पोटाचं आहे? की बायकांचं काही? लाजता काय, आपण इथं एक कुटुंब आहोत."

"डॉक्टरला माहीत आहे. तेवढं पुरे."

"हिला कुटुंब आहे कुठं, साहेब!" गोप-दान मागून बोलली. गोप-दान पाकिटांवर माझ्या शेजारी असते आणि तिच्या जिभेला हाड नाही. दोघीचौघी फिदीफिदी हसल्या. मल-सुकचे कान लालबुंद झाले.

डॉक्टरचा कागद होता म्हणून साहेबांना रजा अडवता येईना. मग त्यांनी दुसरी मेख मारली. "परत आल्यावर हलकं काम हवं असेल तर काय कापलं ते मला सांगावं लागेल. नाहीतर तळणीवर दुसरी बाई येईल, आणि तुम्हाला लगद्याचे क्रेट." माशाच्या लगद्याचा क्रेट धडधाकट बाईचीही कंबर मोडतो. टाके घातलेल्या बाईनं तो उचलायचा? मेल्याला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं, म्हणून तर बोलला.

हॉस्पिटलात सोबत कोणीतरी लागतंच, म्हणून तिनं मला विचारलं. तेही कपडे बदलायच्या खोलीत, माझ्याकडे न बघता. बुसानमधलं हॉस्पिटल नको, थेट देगू. तिची पिशवी घेऊन मी बसमध्ये अवघडून बसले, कंबरेचा खुळखुळा झाला. डॉक्टर खोलीत आले तर ही म्हणते, "बुन-रेताई, तू जरा बाहेर बस."

"मी? अगं, मी तुझी पिशवी वाहून आणलीय!"

"म्हणूनच. परत गेलीस की सगळे तुलाच धरतील. तुला माहीतच नसेल तर तुला खोटं बोलावं लागणार नाही."

मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. भरपूर घातल्या. मग तिला लागतील म्हणून मऊ चपला घेऊन आले.

कारखान्यात परतले तर आधी गोप-दाननं धरलं. "खरं सांग, डोळे मोठे दिसावेत म्हणून पापण्यांना घडी पाडून घेतेय ना ती? या वयात?" दुसऱ्या दिवशी पापण्या मागे पडल्या. "पोट सुटल्यासारखं दिसत नव्हतं का गं तिचं? आणि देगूला कशाला गेली असेल, तोंड लपवायला?" बिनलग्नाच्या बाईबद्दल हे बोलायला काही लागत नाही, नुसती भुवई उडवली की झालं.

मग साहेब आले, ज्यूसच्या बाटल्यांचा खोका काखेत मारून. आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत, ती रीत यांना बरोबर आठवली. "कुठल्या हॉस्पिटलात आहे? कुठल्या मजल्यावर? सगळे मिळून भेटून येऊ."

"खोका माझ्याकडे द्या, मी पोचवते," मी म्हटलं.

दिला नाही. वर म्हणाले, "बुन-रेबाई, तुमच्या गुडघ्यांना थंडीत त्रास होतो ना? हीटरजवळची जागा रिकामी आहे. काय झालंय तिला, तेवढं सांगा."

"मला माहीत नाही."

"सोबत जाऊन माहीत नाही?"

"बाहेर बसले होते. बाकावर. बाक कसला होता ते सांगू?"

त्या दिवसापासून मला गोदामाच्या दाराजवळ उभं केलं. दार उघडलं की गार वारा थेट गुडघ्यात. खोटं बोलावं लागलं नाही, एवढाच काय तो आराम.

मल-सुक परत आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं, एक हात सारखा पोटाशी. डॉक्टरनं जड उचलायला मनाई केली होती, तसा कागदही आणला. साहेबांनी तो वाचलाच नाही. "कारण सांगा, काम बदलतो." ती वळली आणि क्रेटपाशी जाऊन उभी राहिली. एक उचलला. तिचे ओठ पांढरे पडले. दुसऱ्याला हात घातला तेवढ्यात जेवणाची घंटा झाली म्हणून वाचली.

आणि त्या दिवशी जेवणात काय, तर समुद्री शेवाळाचं सार. आमच्याकडे बाळंतिणीला तेच देतात. माझ्या तिन्ही लेकरांच्या वेळी मी महिना महिना तेच प्यायले. साहेबांनी स्वयंपाकघराला मुद्दाम सांगून करवलं होतं. मोठा वाडगा स्वतःच्या हातानं मल-सुकपुढे ठेवला आणि गोड हसून म्हणाले, "घ्या, मल-सुकबाई. अंग भरून येईल. या वेळी बायकांना हेच लागतं, नाही का?"

चमचे थांबले. गोप-दानसुद्धा हसली नाही. तिनंही दोन बाळंतपणं याच सारावर काढलीत, एक मूल तर हाती लागलं नाही. बाईच्या त्या वाडग्याची अशी चेष्टा? माझं डोकं असं फिरलं की वाटलं, गरम सार त्याच्या डोक्यावर ओतावं.

मल-सुकनं चमचा घेतला. शांतपणे सगळं सार संपवलं. वाडगा टेकवला आणि पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"छान झालंय, साहेब. तुमच्या वेळी तुमची आईही हेच प्यायली असेल ना?"

"हो... म्हणजे, सगळ्याच पितात."

"बिचारी. एवढं सार फुकट गेलं तिचं."

कोणीतरी फस्सकन हसलं आणि मग खोली जी हसत सुटली! साहेबांचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं. तडक निघून गेले. तिचं काम मात्र बदललं नाही, तसला माणूसच नव्हे तो.

सुट्टी संपली. मल-सुक पुन्हा क्रेटपाशी. मी धावत जाऊन एक बाजू धरली, तर मागून गोप-दाननं मला कोपरानं ढकललं. "सर गं म्हातारे, आधी स्वतःची कंबर सांभाळ." तिनं क्रेट उचलला, ठेवला, दुसऱ्याकडे वळली. पाकिटांवरच्या आणखी दोघीही आल्या. आम्ही काही देवमाणसं झालो नव्हतो. त्या हलकटाचा राग आला होता, एवढंच.

तिसरा क्रेट छातीशी धरून गोप-दान थांबली. धापा टाकत म्हणाली, "आता तरी सांग ना गं. काय कापलं?"

मल-सुकनं तिच्याकडे पाहिलं.

"उचल आणि गप बस."

गोप-दाननं उचलला.