भागून वाढणारा आकडा

मालतीबाई गेल्याचं शिपायाने वर्गाच्या दारातच सांगितलं. त्याला महिना होऊन गेला, पण पनवेलच्या आमच्या प्राथमिक शाळेत आता त्यांचा आवाज नाही, हे अजून मनाला पटत नाही...

बाई तशा खमक्या. भांडायला आलेले पालक त्यांच्यापुढे निमूट व्हायचे. घाबरायच्या त्या फक्त दशांशाला. हयात पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे शिकवण्यात गेलेली. नवी मापं आली आणि चौथीला ०.५ ने भागायला शिकवायची पाळी आली. भागल्यावर आकडा वाढतो, ही त्यांना भुताटकीच वाटे. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर बसून उदाहरणं सोडवत आणि डबा तसाच घरी जाई.

त्यात तपासणी आली. साहेबांसमोर दशांश भागाकाराचा पाठ बाईंनीच द्यायचा होता. आदल्या वर्षी पाठ फसलेल्या एका गुरुजींची खाडीपलीकडे बदली झाली होती. बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई, दुसरं कोणी नाही. "मला पाठवलं तर तिला पाणी कोण देणार?" एवढंच त्या म्हणाल्या.

पाठाला मी मागे साहेबांशेजारी बसले होते. बाईंनी फळ्यावर लिहिलं, २ ÷ ०.५. आणि भीतीने तोंडातून जुनी निमकीच बाहेर पडली, बे निम्मे एक. वर्गानेही तालात 'एक' म्हटलं. साहेबांची पेन्सिल चालू लागली. बाई मुलांकडे वळल्या.

"हे चुकलं. मला या गणिताची भीती वाटते. आपण मोजूनच बघू."

बादलीत दोन लिटर पाणी, हातात अर्ध्या लिटरचं माप. भरलेलं माप ओतताना थोडं पाणी साडीवर सांडलं, पण मुलांनी चार मापं मोजली. पाणी तेवढंच, माप लहान म्हणून खेपा जास्त, असं बाईंनी समजावलं. साहेब वही मिटून निघून गेले. पुढे कितीतरी महिने पोस्टमन दिसला की बाई दचकत. बदलीचा कागद आला नाही, पण भीतीही गेली नाही. दरवर्षी त्या पाठाआधी मुलांना ती सांगूनच सुरुवात करत.

आता चौथी माझ्याकडे आहे. परवा तोच भागाकार काढला आणि खडू हातातच राहिला. गणित मला येतं. बाईंच्या जागी उभं राहणं येत नव्हतं. शेवटी मुलांना सांगून टाकलं की मला भीती वाटते.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, मालतीबाईंना पन वाटायची, माजी ताई सांगते. तुमी लिवा, आमी हाय ना."

मी फळ्याकडे वळले. डोळे पुसायला तेवढाच आडोसा होता.